रबराच्या थाळ्या

नायगाव, दादर
१० नोव्हेंबर २०२४

मामा,

जयभीम. फोन लावून लावून थकले म्हणून शेवटी कागद घेतला. तुझी रिंग पूर्ण वाजते आणि बंद होते. आई म्हणते, "नाही उचलायचा तो. खोलीवरून रागावलाय." चाळ खाली करताना नव्या टॉवरमधलं अकराव्या मजल्यावरचं घर आईच्या नावावर झालं आणि तू गाव गाठलंस. तिच्या डोक्यात एवढंच बसलंय. मला ते पटत नाही. घरावरून रागावणारा माणूस तू नाहीस. पण मग फोन का उचलत नाहीस?

ते राहू दे. मला तुझा सल्ला पाहिजे, आणि तोही तुझ्या धंद्यातला.

आनंदादादाने पुन्हा गायन पार्टी उभी केली आहे. तू गेल्यापासून ड्रमवर कोणी टिकलंच नाही. गेल्या महिन्यात तो घरी आला आणि म्हणाला, "संघमित्रा, जयंतीला तू बसायचं. बुधाजीच्या जागेवर." मी हो म्हणून टाकलं.

आता सरावासाठी टॉवरमध्ये खरा ड्रम कुठे वाजवणार? म्हणून इलेक्ट्रॉनिक सेट घेतला. ड्रम म्हणजे नुसती ताणलेली जाळी. आवाज निघतो तो एका छोट्या डब्यातून माझ्या हेडफोनमध्ये. बाहेरच्याला काही ऐकू येऊ नये, असं दुकानदार म्हणाला होता. जाळीपुरतं ते खरं आहे. पण सिम्बल म्हणजे प्लॅस्टिकच्या थाळ्या, वरून रबर. त्यांच्यावर स्टिक पडली की माझ्या कानात झगमगाट आणि खोलीत नुसतं टाक, टाक, टाक. आई म्हणते, शेजारी कोणीतरी सतत सुपारी फोडतंय असं वाटतं.

खालच्या मजल्यावर मालनकाकू सावंत राहतात. त्यांच्या यजमानांना, गुणाजीकाकांना, अर्धांगाचा झटका आला आहे. ते दुपारी जरा झोपतात आणि मी शिकवते ती शाळा सकाळची, म्हणजे मला सरावाला तीच दुपार मिळते. काकू दोनदा वर येऊन गेल्या. दुसऱ्यांदा सोसायटीचे सेक्रेटरी रमाकांत साळवी सोबत होते. "आणखी एक तक्रार आली तर सेट बिल्डिंगमध्ये ठेवता येणार नाही," म्हणाले.

चाळीत तू गॅलरीत पितळी थाळ्या वाजवायचास आणि तरी कोणाची कधी तक्रार आली नाही. तू काय करायचास?

उत्तर लिही. नाहीतर फोन उचल.

तुझी
संघू


बौद्धवाडी, ता. मंडणगड
२४ नोव्हेंबर २०२४

चि. संघू,

जयभीम आणि खूप आशीर्वाद. तुझं पत्र पोस्टमनने अंगणात ठेवलं, मी काजूखालचा पाला ओढत होतो. अक्षर ओळखलं आणि तिथेच बसून वाचलं.

आधी तुझ्या आनंदादादाचं. त्याने तुला माझ्या जागेवर बसवलं, हे वाचून मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. सांगायला घरात कोणी नाही, तुझी मामी असती तर तिला सांगितलं असतं. शेवटी चहा केला.

फोनचं म्हणशील तर इथे रेंज येते-जाते. मी तो फडताळात ठेवतो आणि दिवसभर बाहेर असतो. रागाबिगाचं काही नाही. तुझ्या आईला, कमळाला, तसं सांग.

आता थाळीचं. तुझी रबराची थाळी मी बघितलेली नाही, पितळेचं सांगतो, त्यातलं लागू पडेल ते घे. चाळीत कोणी तक्रार करत नव्हतं असं तुला वाटतं, कारण तू लहान होतीस. तुझी आजी आजारी होती तेव्हा सगळी गॅलरी माझ्या अंगावर आली होती. तेव्हा मी हे करायचो:

थाळी वरच्या चाकीने घट्ट आवळायची नाही. सैल ठेवायची, खाली-वर बनातीचा, म्हणजे जाडसर लोकरी कापडाचा तुकडा. मग थाळी मार खात नाही, मारासोबत झुलते. घट्ट थाळी ओरडते.

थाळीला पुरी झाकू नये. जुन्या सुती लुगड्याची पट्टी, जिथे काठी पडते तेवढ्याच जागी.

आणि हात. तू लहानपणापासून खांद्यातून मारतेस. मनगटातून मार. काठी थाळीवर आपटायची नसते, तिथून पुसत न्यायची असते. गर्दीतून जाताना आपण एखाद्याच्या खांद्याला हात लावून पुढे होतो ना, तसं.

गॅलरीतली ती लोखंडी जाळी आठवते का? थाळी वाजली की तीही बारीक किणकिणायची. आनंदा म्हणायचा, बुधाजी, एक थाळी तुझी आणि एक म्हाडाची. इथे संध्याकाळी पाखरं घरट्यात परततात तेव्हा मी अंगणात बसतो आणि तेच सगळं मनात वाजवतो. नायगावची संध्याकाळ फार आठवते. सगळ्या घरांतून एकदम कुकरच्या शिट्ट्या, वरून कोणाचा तरी रेडिओ, जिन्यात पोरं. तेव्हा त्या गोंगाटाचा किती त्रास व्हायचा!

त्या सावंतबाईंशी भांडू नकोस. आजारी माणसाची झोप मोठी गोष्ट आहे.

तुझा मामा
बुधाजी


नायगाव
१५ डिसेंबर २०२४

मामा,

तुझी सैल थाळी रबरालाही लागू पडली!

आता सगळं सांगते. मालनकाकू तिसऱ्यांदा आल्या. तू म्हणालास तशी भांडले नाही, त्यांना आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. त्या थाळीवरून बोट फिरवून बघू लागल्या आणि एकदम नरमल्या.

"बाय गे," त्या म्हणाल्या, "तुजा वाजवणा माका कळता. पण ह्यांचो डोळो लागता आणि वयरसून टक टक सुरू. जागे झाले की रडतत गे. आदी कदी रडलो नाय ह्यो माणूस."

मी म्हटलं, काकू, काका जागे असतील तेव्हा तुम्ही खाली थांबा, मी फोन लावते. मी एकेक वाजवते, तुम्ही ऐकून सांगा. जे ऐकू येईल ते मी बंद करेन.

गुणाजीकाका जागे असताना, रविवारी सकाळी, आमची ही परीक्षा झाली. मी वर, त्या खाली, फोन स्पीकरवर. आधी थाळी होती तशीच मारली.

"आयकाक इला! ह्याच ता! बंद कर!"

मग चाकी सैल केली. "जरा कमी."

मग आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. "अजून कमी, पण आसा."

मग माझ्या डोक्यात आलं. शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबमधले माऊसपॅड टाकून दिले होते, मऊ रबराचे. त्यांच्या अर्धचंद्रासारख्या चकत्या कापून थाळीवर बसवल्या, वरून लुगडं, आणि स्टिकच्या टोकांना रबरी टोप्या. मारलं. फोनवर शांतता. परत मारलं.

"मार ना गे! गप कित्याक रवलंस?"

"मारतेच आहे काकू!"

आई स्वयंपाकघरात हसून हसून खाली बसली. किती दिवसांनी हसली ती.

मग कळलं की खरा चोर दुसराच आहे. पायाचं पेडल. ते जमिनीवर असतं आणि त्याचा धप्प थेट त्यांच्या छतात उतरतो. त्यासाठी काकूंनीच त्यांच्याकडची जाड गोधडी दिली. गोधडी, वर योगासनांची चटई, वर पेडल.

अडचण एकच. एवढं झाकल्यावर थाळीला हलका मार कळतच नाही, कानात आवाज उमटत नाही. म्हणून डब्यातली सेन्सिटिव्हिटी वाढवली. आता नुसतं टेकलं तरी वाजते. उलट तू सांगतोस तसं मनगट आपोआप हलकं व्हायला लागलंय.

पण हेडफोनमध्ये मला माझं सगळंच चांगलं वाटतं. मला तुझा कान पाहिजे. म्हणून पार्सलमध्ये छोटा स्पीकर आणि पेन ड्राइव्ह पाठवते आहे. स्पीकरच्या मागे खाच आहे, त्यात तो खोचायचा आणि मोठं बटण दाबायचं. माझ्या सरावाचं रेकॉर्डिंग आहे, मोबाईलवर केलेलं. ऐक आणि खरं खरं सांग. भाची म्हणून सोडू नकोस.

संघू


बौद्धवाडी
५ जानेवारी २०२५

चि. संघू,

जयभीम. पार्सल नीट पोचलं. स्पीकर लाल रंगाचा, छान आहे. शेजारच्या मनवाने पेन ड्राइव्ह बसवून दिला, मग ती शाळेत गेली आणि मी एकट्यानेच बसून ऐकलं.

पोरी, डोळ्यांत पाणी आणलंस. ठेका कुठे हलत नाही. थाळीचा आवाज कसा पसरलाय, पहाटे तळ्यावर ऊन पसरावं तसा. शेवटी क्रॅशची मोठी थाळी मारलीस ती किती वेळ घुमत राहिली! आनंदाचा आवाज चढतो तिथे तू मागे राहिलीस, हे फार चांगलं केलंस. गाणाऱ्याला जागा द्यावी. माझ्या वेळी मी एवढा शहाणा नव्हतो.

माझ्याकडून काही दुरुस्ती नाही. असंच वाजव.

कमळाची तब्येत कशी आहे? तिला थंडीत खोकला होतो. सुंठ घालून काढा दे.

तुझा मामा
बुधाजी


नायगाव
१४ जानेवारी २०२५

मामा,

तुझं पत्र मी शाळेच्या स्टाफरूममध्ये उघडलं. वाचलं आणि पुढच्या तासाला वर्गात उभी राहून काय शिकवत होते, मला आठवत नाही.

मामा, त्या पेन ड्राइव्हमध्ये गाणं नव्हतं.

गाणं हेडफोनमध्ये असतं, फक्त माझ्या कानात. मोबाईल मी थाळीजवळ ठेवला होता. त्याच्यात आली ती फक्त खोलीतली टक टक. आनंदादादा नाही, तळं नाही, ऊन नाही. घुमणारी क्रॅश तर नाहीच. लुगड्यावर रबरी टोपी. मला तुला तेच ऐकवायचं होतं, की मार सारखा पडतोय का, कुठे जड होतोय का. पत्रात तसं नीट लिहायचं राहून गेलं.

आधी वाटलं, तू ऐकलंच नाहीस, मला बरं वाटावं म्हणून लिहिलंस. पण तू असं करणार नाहीस. ऐकलं असतंस तर लिहिलं असतंस, "संघे, हे काय पाठवलंस, सुतारकाम?"

मग सगळं आठवत गेलं. फोनची पूर्ण वाजणारी रिंग. तू गावी जायच्या आधी आई जिन्यातून हाक मारायची आणि तू तसाच वर चढत जायचास. ती म्हणायची, बघ किती मिजास आलीय.

मामा, तुला ऐकू येत नाही का?

आईला काही सांगितलेलं नाही. तू सांगितल्याशिवाय सांगणार नाही. पण मला लिही. मी इथे आवाज कमी करण्याच्या युक्त्या विचारत बसले आणि तू तिकडे एकटा काय सोसत होतास?

संघू


बौद्धवाडी
९ फेब्रुवारी २०२५

चि. संघू,

उत्तराला उशीर झाला. लिहायला घेत होतो आणि ठेवून देत होतो.

होय. डावा कान गेला. उजव्यात थोडं काही उरलं असेल, माणूस तोंडाजवळ येऊन ओरडला तर शब्दाचा नुसता आकार कळतो. मनवा आणि तिची आई खुणा करतात, आमचं जमतं.

हे एकदम झालं नाही. आधी थाळ्या गेल्या. मी मारत होतो, हाताला धक्का लागत होता, पण ती बारीक झळाळी येईना. मला वाटलं, पितळ जुनं झालं. नव्या थाळ्या आणल्या, त्याही तशाच. मग पाखरं गेली. मग बायकामुलांचे आवाज. भोईवाड्याच्या कार्यक्रमात आनंदा कडव्यावर आला आणि मी तसाच मागच्याच ठेक्यात चालू. तो वळून बघत होता, हसत होता, लोकांना वाटलं गंमत आहे. मला त्याचं तोंड हलताना दिसत होतं, बस. त्या दिवशी कळलं की आपलं संपलं.

कोणाला सांगू? ड्रमवाला बहिरा झाला हे चाळभर झालं असतं. जो तो कानाशी येऊन ओरडला असता, कीव केली असती. कमळाने तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं. चाळ खाली करायची वेळ आली होतीच, सगळेच इकडेतिकडे चालले होते. त्या गडबडीत मी निघून आलो. कोणाला फार वाटलं नाही, म्हणजे मला तसं वाटलं.

लोकांना वाटतं बहिऱ्याला शांतता असते. तसं नाही गं. आत एक शिट्टी चालू असते, कुकरची असते तशी, पण खाली न बसणारी. तुझ्या थाळीला तू रबर लावलंस, पट्टी बांधलीस. ह्या आतल्या आवाजाला मी काय बांधू?

तुझा स्पीकर लावला आणि त्याच्यावर हात ठेवून बसलो होतो. काहीतरी बारीक थरथरत होतं. उरलेलं गाणं मी मनानेच केलं. तुला खोटं लिहिलं, पण मनात ते खरंच तसं वाजलं होतं.

जयंतीला मी येणार नाही. तिथे येऊन नुसतं बघत उभं राहायचं, ते मला जमणार नाही. तू वाजव. कमळाला सांगू नकोस.

बुधाजी


नायगाव
२ मार्च २०२५

मामा,

मी आईला सांगितलं. तू नको म्हणालास तरी सांगितलं.

त्याला कारण मालनकाकू. परवा त्या वर आल्या, कारण आठवडाभर सराव ऐकू आला नाही म्हणून त्यांना वाटलं मी आजारी पडले. खरं म्हणजे मी रोज वाजवत होते, गेल्या आठवड्यात गोधडीची घडी दुहेरी केली, ती एवढी चांगली निघाली. पण तुझ्या पत्रानंतर चेहरा पडलेला होता, तो त्यांनी बरोबर ओळखला. मी सगळं बोलून गेले आणि मागे दारात आई उभी होती.

ती कपाटाकडे गेली. तुझा आणि तिचा चैत्यभूमीवरचा फोटो तिने तिथे आत टाकून ठेवला होता, तो काढून पदराने पुसत बसली. मग म्हणाली, कागद घे. आता ती सांगते आणि मी जसंच्या तसं लिहिते:

"बुधा, तू बहिरा झालास आणि मी तुला मिजासखोर समजत बसले. जिन्यात हाका मारून मारून माझा घसा बसायचा, मी म्हणायची, याला बहीण नको झाली. तू गावाला गेलास त्या दिवशी मी गाडीपाशी आले नाही, घरात भांडी घासत बसले. तू वळून बघितलंस का नाही, तेही मला माहीत नाही. कान गेला तर कान गेला. आपला बापूस एका डोळ्याने गिरणीत राबला, त्याला कोणी काय म्हणालं? मी काय रडून घर डोक्यावर घेणार? आता रडायचं वय राहिलं नाही, तरी आज थोडं रडून घेतलं. तू ये. घरात मला ओरडून बोलायला लागलं तर बोलेन, खालच्या सावंतीणबाईला तसं सांगून ठेवलंय. ती म्हणाली, तुमचा आवाज चालेल."

मामा, गुणाजीकाकांना ज्या इस्पितळात नेतात तिथेच कान तपासतात. काकूंनी चौकशी करून तुझा नंबर लावलाय, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. बरं होईल असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. तपासून तर बघू.

आणि जयंतीला नुसतं बघत उभं राहणं जमणार नाही म्हणतोस. मलाही तुझ्या जागेवर बसणं जमणार नाही, तू कुठे आहेस ते दिसलं नाही तर.

शुक्रवारी मी एसटीने येते आहे. पिशवी भरून ठेव.

संघू


बौद्धवाडी
११ मे २०२५

चि. संघू,

जयभीम. सुखरूप पोचलो. कौलं परतून घ्यायची आहेत, काजू गोळा करायचे आहेत, म्हणून आलो, नाहीतर कमळाने सोडलं नसतं. ती निघताना गाडीपर्यंत आली होती, हे तू बघितलंस.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मला तुझ्याकडून कागदावर कळलं होतं. आज बोलतो. डावा गेला तो गेला. थाळ्यांची झळाळी परत येणार नाही, मशीन लावूनही नाही. हे मी आधीच ओळखलं होतं, तरी तुझं अक्षर मी दोनदा वाचलं. उजव्या कानात मशीन बसवलं आणि पहिल्यांदा जे ऐकू आलं ते म्हणजे खुर्ची सरकल्याचा आवाज. किती घाणेरडा! मला तो परत परत ऐकावासा वाटला.

जयंतीच्या दिवशी मी स्टेजच्या बाजूला होतो. तू पितळेवर वाजवत होतीस. मशीनमध्ये नुसता गलका येत होता, म्हणून मी ते काढून खिशात ठेवलं आणि तुझे हात बघितले. मनगटातून मारत होतीस. थाळी झुलत होती, तिच्या कडेवर दिव्याचा उजेड हलत होता. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलंच. अजूनही वाटतं, संध्याकाळी जास्त. तो आवाज मला पाहिजेच आहे, आणि तो मिळणार नाही. पण आनंदा कडव्यावर आला तेव्हा तू त्याच्याकडे बघून थांबलीस, आणि मला ते ऐकू न येता कळलं.

आता तुला एक गोष्ट सांगतो, कमळाला वाचून दाखवू नकोस.

मशीन मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू शाळेत गेली होतीस. मी तुझ्या त्या सेटच्या स्टुलावर बसून खिडकीतून खाली बघत होतो. आतून कमळाने हाक मारली. "बुधा, चहा निवतोय."

मला ऐकू आलं. शब्द न् शब्द. पण तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मी मनात जपून ठेवला होता तो चाळीतल्या कमळाचा आवाज, जिन्याच्या तळापासून चौथ्या मजल्यावर पोचणारा. हा बारीक, मध्ये तुटणारा, म्हाताऱ्या बाईचा. आमची आई शेवटी शेवटी अशीच बोलायची. मी इथे होतो आणि तिकडे माझी बहीण म्हातारी झाली, आणि मला ते माहीतच नव्हतं.

मी ओ दिली नाही.

तिने परत हाक मारली, जरा जोरात. मी तसाच पाठ करून बसलो. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ती चिडली होती, आणि चिडल्यावर तिच्या आवाजात जुनी कमळा थोडी थोडी दिसली.

मग कप घेऊन ती स्वतःच बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली, माझ्या कानाकडे बोट दाखवून म्हणाली, "काय रे, बंद पडलं काय हे?"

मी तिच्याकडे बघत राहिलो आणि मान हलवली, की हो, बंद पडलंय. म्हणजे ती अजून थोडा वेळ ओरडून बोलेल.

तुझा मामा
बुधाजी